मंडईच्या नाटकात लढाईतला घोडा कसा उभा करावा?

मंडई म्हणजे आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास भरणारी गावजत्रा. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या एका पोराचा तिच्याबद्दल प्रश्न आला आहे. त्यानं लिहिलंय: "काकाजी, यंदा मंडईच्या रात्री आम्ही गावातली पोरं लढाईचं नाटक घेतो आहोत. नायक माणूस नाही, घोडा आहे. लग्नाच्या वरातीतली घोडी भाड्यानं मिळते, ती स्टेजवर आणावी का? घोड्याला बोलतं करावं का? आणि अशा गोष्टी आधी कुणी पुस्तकात, नाटकात, सिनेमात कशा सांगितल्या, तेही सांगा."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुम्ही घोडीवाल्याला इसार द्यायच्या आत ते पोचलं पाहिजे. घोडी आणू नका.

मी आणली होती. पंचवीसेक वर्षं झाली. पांढरी, शांत, शेकडो वरातींत बँडच्या गलक्यात चाललेली घोडी. मला वाटलं, हिला आवाजाची सवय आहे. दुसऱ्या अंकात सरदार तिच्यावर बसून यायचा आणि विंगेत तोफ म्हणून सुतळी बॉम्ब फुटायचा. बॉम्ब फुटला तशी ती मागच्या पायांवर उभी झाली, खाली आली आणि तिचा पुढचा पाय दोन फळ्यांच्या सापटीत गेला. नडगीची कातडी सोलून निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. पडदा पाडला. घोडीवाला तिचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. मी पैशाचं बोलायला गेलो, तर म्हणाला, "तिले आधी पानी आना भाऊ, बाकी मंग पाहू." बादली आणली. ती थरथरत होती, तरी आख्खी बादली प्याली. ती घोडी पुढं बरी झाली, पण मी त्यानंतर किती तरी वर्षं लढाईचं नाटक हाती घेतलं नाही. आणि घेतलं तेव्हा त्या बादलीपासून सुरुवात केली. आज तुम्हाला जे सांगणार आहे, ते सगळं त्या बादलीपाशीच येऊन थांबतं.

'जाणता राजा'मध्ये खरे हत्ती-घोडे आले, ते लोकांनी डोळे भरून पाहिले, हे खरं. पण ते मैदानातलं महानाट्य. तिथं घोड्याला धावायला जागा आणि माणसाळलेली जनावरं असतात. आपलं स्टेज वीस-पंचवीस फुटांचं, खाली फळ्या, वर हॅलोजन. शिवाय खरा घोडा स्टेजवर आला की लोक गोष्ट विसरतात. तो लीद टाकेल का, कुणाला लाथ मारेल का, एवढंच पाहत बसतात. ज्याची गोष्ट सांगायची तोच गोष्टीतून निघून जातो.

मग घोडा आणायचा कुठून? ही अडचण तुमच्याआधी चारशे वर्षांपूर्वी शेक्सपियरला आली होती. 'पाचवा हेन्री' या त्याच्या नाटकात फ्रान्समधली मोठी लढाई आहे. सुरुवातीलाच सूत्रधार येतो आणि प्रेक्षकांना उघड विनवतो की आम्ही घोडे म्हटलं की तुम्ही घोडे पाहा, त्यांच्या टापा मऊ मातीत उमटताना पाहा. आपल्या दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, तर हे रोजचंच आहे. एक फेरी मारली की गाव बदलतं, आणि कुणी विचारत नाही की बैलबंडी कुठं आहे.

या वाटेवर अलीकडे सगळ्यात लांब गेलेलं नाटक म्हणजे 'वॉर हॉर्स'. मायकेल मॉर्पर्गो यांची ही मूळ कादंबरी 1982 ची. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या शेतावरचा जोई नावाचा घोडा पहिल्या महायुद्धात सैन्याला विकला जातो, आणि त्याच्यावर जीव असलेला शेतकऱ्याचा पोरगा पुढं त्याला शोधत फ्रान्सला जातो. पुस्तकात ही सगळी गोष्ट घोडा स्वतः सांगतो. 2007 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरनं ती स्टेजवर आणली आणि घोडे बनवले दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीनं. वेत, चामडं, जाळीदार कापड, अॅल्युमिनियमचा कणा. एका घोड्याला तीन माणसं लागतात. एक बाहेर उभा राहून डोकं आणि कान चालवतो, दुसरा आत पुढच्या पायांवर आणि श्वासावर, तिसरा मागच्या पायांवर आणि शेपटीवर. ती तिघं लपत नाहीत, प्रेक्षकांना सरळ दिसतात. पाच-दहा मिनिटांत दिसेनाशी होतात.

त्यांनी एक मोठा निर्णय घेतला. पुस्तकातला बोलणारा घोडा स्टेजवर मुका केला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तरही तेच आहे. कागदावर घोडा बोलला तर चालतं, कारण वाचणाऱ्याला त्याचं तोंड दिसत नाही. अॅना स्यूवेल यांच्या 1877 च्या 'ब्लॅक ब्यूटी'त कॅप्टन नावाचा म्हातारा घोडा आहे. क्रिमियाच्या युद्धात तो घोडदळात होता, तिथं त्याचा स्वार पडला. ब्लॅक ब्यूटी त्याला विचारतो की ते लढत कशासाठी होते. तो म्हणतो, ते घोड्याला कळण्यापलीकडचं आहे. लढाईचं कारण घोड्याला ठाऊक नसतं, आणि पुस्तकात त्याचा आवाज ऐकण्याचं मोल तिथंच आहे. पण स्टेजवर घोड्याच्या तोंडी संवाद दिला की पोरं त्याला सरदाराचं भाषण देतात. मग तो घोड्याचं कातडं पांघरलेला माणूस होतो. घोड्याला बोलू देऊ नका. त्याला ऐकू द्या.

आता घोडा कसा करायचा ते सांगतो, कारण हे काम आपल्याकडं त्यांच्यापेक्षा सोपं आहे. त्यांना वेत विकत घ्यावा लागला, आपल्या दारात बांबू आहे. सुताराकडं जाऊ नका. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करणारा सुतार देखणा घोडा करून देईल, पण तो नंदीसारखाच चाकांवर उभा राहील, श्वास घेणार नाही. बुरडाकडं जा. सुपं-टोपल्या विणणाऱ्या हाताला बरगडी कशी वळते हे न शिकवता कळतं. ओल्या बांबूच्या कमच्या, म्हणजे पातळ पट्ट्या, काढून घ्या, कण्याला मात्र भरीव बांबू. सांधे खिळ्यांनी ठोकू नका. खिळा पहिल्या तालमीतच कमची फाडतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घट्ट गुंडाळा. सांधा धरतोही आणि हलतोही. बरगड्यांवर मच्छरदानीचं कापड ताणा. मागून दिवा टाकला की आतली पोरं सावलीसारखी दिसतात, ते चांगलंच दिसतं. आयाळ आणि शेपूट अंबाडीची. माझा घोडा अठरा किलोचा झाला होता आणि आतल्या पोरांना अर्ध्या तासानं खांदे बदलावे लागायचे, तेव्हा याहून जड करू नका. त्याच्यावर स्वार बसवायचा हट्टही धरू नका. बसवायचा तर अॅल्युमिनियमचा कणा आणि कारागीर लागतात. स्वार घोड्याच्या बाजूनं लगाम धरून पळाला तरी लोक त्याला घोड्यावरच पाहतात.

श्वास सगळ्यात आधी शिका. घोडा नाकानंच श्वास घेतो, तोंडानं घेऊच शकत नाही. तेव्हा डोकं चालवणारा पोरगा तोंड उघडून धापा टाकायला लागला की तो कुत्रा होतो. निवांत घोडा मिनिटाला आठ ते सोळा वेळा श्वास घेतो. आतल्या पोरानं गुडघे किंचित वाकवून छाती तेवढ्याच लयीत वरखाली करायची. पहिली पाच मिनिटं घोड्यानं दुसरं काहीच करायचं नाही. उभा राहायचं, श्वास घ्यायचा, एक मागचा पाय ढिला सोडून टेकायचा. मंडप आपोआप शांत होतो.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाची. समोर बसलेला प्रत्येक माणूस जन्मभर ढोरांत राहिला आहे. त्याच्या नजरेतून चूक सुटत नाही. बैल उठतो तेव्हा आधी मागचा भाग उचलतो. घोडा आधी पुढचे पाय पुढं टाकतो आणि मग मागून जोर लावतो. माझ्या पहिल्या प्रयोगात पडलेला घोडा उठला तो बैलासारखा, आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "अरे, हा तं बैल होय!" त्याचं बरोबर होतं. घोडा रवंथ करत नाही, हेही लक्षात ठेवा. उभ्या घोड्याचं तोंड उगाच हलवत राहू नका.

टापांसाठी नारळाच्या करवंट्या सगळे वापरतात. त्यांचा आवाज फरशीवरचा आहे, मातीवरचा नाही. मातीनं अर्धं भरलेलं पोतं आणि त्यावर दोन जाड दांडके वापरून पाहा. चाल मात्र ढोलकवाल्याला नीट समजावून द्या. सावकाश चालताना चार सुटे ठोके पडतात, दुडकीत दोन, आणि त्याहून वेगाच्या झेपेत तीन. तिन्हींतला फरक कानाला कळला की घोडा प्रत्यक्ष स्टेजवर नसला तरी चालतो. कुसुमाग्रजांची 'वेडात मराठे वीर दौडले सात' ही कविता आठवा. 24 फेब्रुवारी 1674 ला नेसरीला प्रतापराव गुजर आणि सहा जण गेले, त्याची ती कविता. शेवटी घोडेही नाहीत, स्वारही नाहीत. दगडावरच्या टाचा, ओढ्यातला रंग आणि क्षितिजावर उठणारा मातीचा मेघ तेवढा उरला आहे. तुमच्या नाटकातली शेवटची दौड अशीच करा. विंगेतून आवाज, सुपातून उडवलेली धूळ आणि रिकामं स्टेज. त्या कवितेच्या नावात वीर सात आहेत. सात घोडेही होते. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

यावरून गोष्टीकडं येतो. बहुतेक मंडळं चेतकची गोष्ट घेतात. हळदीघाट, 1576, जखमी घोडा राणा प्रतापाला पाठीवर घेऊन ओढा ओलांडतो आणि कोसळतो. श्यामनारायण पांडेय यांच्या हिंदी कवितेतला चेतक आमच्या पिढीनं शाळेत पाठ केला. गोष्ट सुंदर आहे. पण नाटकात चेतक फक्त मरायला येतो. एक उडी, एक गाणं, संपलं. तो खायचा काय, त्याच्या पाठीवर खोगिराखाली जखम होती का, त्याला पाणी कोण पाजत होतं, हे कुणी दाखवत नाही. लढाईतल्या घोड्याचं आयुष्य मुख्यतः चाकरीचं असतं, झेप क्वचितच. आपल्या बैलासारखंच. म्हणून आपल्या लोकांना ते जितकं कळेल तितकं मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला कळणार नाही.

महाभारतातला एक प्रसंग वाचून घ्या, द्रोणपर्वातला. जयद्रथाला सूर्यास्ताच्या आत मारीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. वेळ पळतो आहे, आणि भर रणात त्याचे घोडे थकून उभे राहतात. अंगात बाण रुतलेले, घशाला कोरड. कृष्ण सांगतो की इथं घोड्यांना प्यायला पाणी नाही. अर्जुन बाणानं जमीन फोडून तळं करतो आणि बाणांचाच आडोसा उभारतो. कृष्ण घोडे सोडतो. स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगातले बाण उपटतो, त्यांना चोळतो, लोळू देतो, पाणी पाजतो, मग पुन्हा जुंपतो. बाहेर लढाई चालूच आहे. गीता सांगणारा हाच. मी हा प्रसंग आमच्या घोडीवाल्याला आठवूनच वाचतो. आणि आपल्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी काय करतात? बैलाचे खांदे शेकतात, हळद-तूप चोळतात आणि कानात सांगतात, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." कृष्णाचे ते हात तुमच्या पोरांनी घरी पाहिलेले आहेत. तालमीत वेगळं शिकवावं लागणार नाही.

मराठ्यांच्या घोडदळाचं वर्णन सभासदाच्या बखरीत आहे. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली ही बखर. तीत पागेची शिस्त सांगितली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा. पंचवीस घोडे आणि पाणी पाजणारा एक माणूस, हे वाचलं तेव्हा मला नाटक सापडलं. धनाजी जाधवांची गोष्ट तर आपल्याकडं पोराटोरांना पाठ आहे. मोगलांचा घोडा पाणी पीत नसला की स्वार त्याला विचारायचा, "काय रे, पाण्यात धनाजी दिसतो का?" लोक हसतात, धनाजीचा धाक म्हणून सांगतात. एकदा घोड्याच्या बाजूनं ऐका. तहानलेला आहे आणि पाण्याला तोंड लावत नाही.

पानिपतही तसंच पाहा. 14 जानेवारी 1761 ची लढाई सगळे दाखवतात. तिच्याआधी अडीच महिने फौज अडकून पडली होती, दाणा-वैरण संपली होती, जनावरं उपाशी मरत होती. भुकेल्या घोड्यांवर बसून माणसं लढाईला निघाली. तो अडीच महिन्यांचा भाग एका अंकात बसतो आणि त्यात तलवार लागत नाही.

म्हणून माझी सूचना ऐका. नायक घोडा, पण गोष्ट पखालजीच्या नजरेतून. पहिल्या अंकात त्याच्याकडं पंचवीस घोडे आहेत आणि पखालीतलं, म्हणजे पाण्याच्या कातडी पिशवीतलं, पाणी पुरत नाही. कुणाला आधी पाजू, यावरून बारगिरांची त्याच्याशी भांडणं. दुसऱ्या अंकात घोडे अठरा. मग अकरा. पखाल तेवढीच, तो रोज भरतो तेवढीच. शेवटी पाणी उरायला लागतं. उरलेल्या पाण्याचं काय करायचं हे त्याला कळत नाही. स्टेजवर बांबूचा घोडा एकच ठेवा, बाकीचे खुंट्यांनी दाखवा. पंचवीस खुंट्या, पंचवीस दोर. घोडा गेला की दोर गुंडाळून ठेवायचा, हुंदका वगैरे काही नाही. लोकांना मोजता येतं.

वरच्या आकड्यांना जगाची साक्ष आहे. 1914 ते 1918 च्या युद्धात अंदाजे 80 लाख घोडे मेले असं मानतात. ऑस्ट्रेलियानं त्या युद्धात सुमारे 1 लाख 36 हजार घोडे बाहेर पाठवले, परत आला एक, सँडी नावाचा, एका सेनापतीचा. बाकीच्यांतले जे जगले, त्यांतले बरेच भारतातल्या फौजेला दिले, काहींना गोळ्या घातल्या. आपल्या जोधपूर आणि म्हैसूरच्या भालेदार पथकांनी 23 सप्टेंबर 1918 ला आजच्या इस्रायलमधलं हैफा शहर घेतलं, दिल्लीचं तीन मूर्ती स्मारक त्या मोहिमेतल्या सैनिकांचंच. तिथं तीन सैनिक उभे आहेत, पायउतार.

सिनेमाबद्दल थोडक्यात, कारण तुमच्यातलं कुणी तरी मोबाईलवर शूट करू म्हणणारच. 1936 च्या 'चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' या हॉलीवूडच्या सिनेमात धावत्या घोड्यांचे पाय तारेनं अडकवून त्यांना पाडलं. घोडे मेले. पडद्यावर शौर्य दिसतं, आणि ते खोटं नाही, पडणं खरंच आहे. मला तो सिनेमा पाहवत नाही. 'वॉर हॉर्स'वर स्पीलबर्गनं 2011 मध्ये सिनेमा केला. त्यात घोडा काटेरी तारांत गुरफटतो आणि दोन्हीकडचे शत्रू सैनिक मिळून त्याला सोडवतात. तिथं काटेरी तार नकली होती. आपल्याकडंही 2001 च्या नियमांनुसार सिनेमात जनावर घ्यायचं तर पशुकल्याण मंडळाची परवानगी लागते. बांबूच्या घोड्याला कुणाचीच परवानगी लागत नाही.

माझा तो घोडा चार सीझन चालला. एका गावात नाटक सुटल्यावर पहाटे आम्ही सामान आवरत होतो, तर एक आजी मूठभर तनस, म्हणजे धानाचा पेंढा, घेऊन विंगेत आली. घोडा दोराला टांगलेला होता, आत कुणी नव्हतं. तिनं तनस त्याच्या तोंडाशी धरली आणि थांबली. डोकं चालवणारा पोरगा चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला, हळूच जाऊन दांडी धरली आणि घोड्याचं तोंड तिच्या हातापर्यंत खाली आणलं. त्याला मी सांगितलं नव्हतं.

दिवाळीला वेळ आहे, पण धान कापणी मध्ये येणार, तेव्हा आत्ताच सुरू करा. आख्खा घोडा एकदम करायला बसू नका. आधी फक्त डोकं, आणि डोक्यातही आधी कान. जुन्या चपलेच्या मऊ चामड्याचे करा, सायकलच्या ब्रेकची तार जोडा, खटका दांडीवर ठेवा. दोन्ही कान पुढं म्हणजे काही तरी दिसलं, दोन्ही मागं चिकटवले म्हणजे राग, एक पुढं एक मागं म्हणजे तो मागच्या माणसाचं ऐकतो आहे. हा तिसरा जमायला आठवडा जातो. जमला की बादली ठेवा समोर, आणि व्हिडिओ पाठवा.